पाझर कमी झाल्याचा आनंद

धरणातून झिरपणारं पाणी दरवर्षी कमी होत चाललं आहे, म्हणजे धरणाची प्रकृती सुधारते आहे, असं मी लेखी दिलं. अहवालाच्या शेवटून तिसऱ्या पानावर ते वाक्य आहे आणि खाली माझी सही आहे. वाक्य साफ चुकीचं होतं. सही मात्र अस्सल होती.

या वाक्यात काय चुकलं हे ज्यांना कळलं नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मी सरकारी संकल्पन कार्यालयात सोळा वर्षं धरणांचीच आकडेमोड केली, आणि त्यानंतर हे वाक्य लिहिलं.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. पुण्यात जो तो कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता. कोथरूडला आमच्या सोसायटीत दर दोन घरांमागे एक मुलगा अमेरिकेला निघालेला, आणि त्याचे आईवडील जिन्यात भेटले की 'व्हिसा' हा शब्द घरच्या माणसाच्या नावासारखा उच्चारत. अशा दिवसांत सरकारी टेबलाशी बसून कॅल्क्युलेटर बडवणाऱ्या माणसाला आपण मागे पडलो असं वाटणं साहजिक आहे. मला तर ते जरा जास्तच वाटे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने नोकरी सोडून कोथरूडमध्येच दोन खोल्यांत सल्लागार कंपनी काढली होती. तो म्हणाला, "किती दिवस त्या फायली हलवणार? ये इकडे." मी गेलो. घरी बायकोला सांगितलं ते गेल्यावर.

आमचं काम जुन्या काँक्रीटच्या धरणांची तब्येत तपासण्याचं. धरण बांधलं तेव्हाची गणितं हातानं केलेली, तेव्हाचे भूकंपाचे निकष वेगळे. आता नव्या निकषांवर ते धरण उभं राहतं की नाही, त्याच्या पायाखालचा खडक दगा देणार नाही ना, हे कॉम्प्युटरवर पुन्हा पडताळायचं. कॉम्प्युटर एक रंगीत चित्र काढून देई. जिथे ताण कमी तिथे निळं, जास्त तिथे लाल. हे चित्र आमचा खरा माल होता. पहिल्याच सादरीकरणात समोरच्या अधिकाऱ्यांनी बराच वेळ चित्राकडे बघून विचारलं होतं, "हे लाल थोडं कमी करता येईल का?" आम्ही करून दिलं. धरणाला हात न लावता लाल कमी करता येतं. रंगांची मोजपट्टी बदलायची, बस. त्या दिवशी आम्ही दोघं भागीदार खूप हसलो होतो. हसण्याच्या बाबतीत मी नेहमीच उदार होतो, हे पुढे येईलच.

तर धरण. काँक्रीटचं धरण कशाच्या जोरावर उभं असतं, तर स्वतःच्या वजनाच्या. समोरून तलावाचं पाणी ढकलतं, धरण आपल्या बुडावर बसून राहतं. पण पाणी समोरून ढकलतं तेवढंच नाही. ते खडकाच्या भेगांतून धरणाच्या खाली शिरतं आणि खालून वर उचलू बघतं. विहिरीत उतरल्यावर लठ्ठ माणूसही हलका होतो, तसं धरणही हलकं होतं. आणि हलकं झालेलं धरण सरकू शकतं. म्हणून धरणाच्या पोटात, अगदी तळाशी, एक लांबलचक बोगदा ठेवतात. त्याला गॅलरी म्हणतात. गॅलरीच्या जमिनीतून खाली खडकापर्यंत ओळीनं भोकं पाडलेली असतात. खालचं दाबातलं पाणी त्या भोकांतून वर येतं, कडेच्या गटारीतून निघून जातं, आणि दाब उतरतो. म्हणजे ही भोकं गळायलाच हवीत. गळणं हीच त्यांची नोकरी. आता काँक्रीटमधून झिरपताना पाणी चुना घेऊन येतं, तो चुना भोकांच्या तोंडाशी आणि आतही साठतो, आणि वर्षानुवर्षं साफ केली नाहीत तर भोकं बुजत जातात. एवढंच शास्त्र आहे. तुम्हाला आत्ता कळलं ते मला त्या वर्षी कळलं नाही.

पुण्याहून दोन तासांवरच्या त्या धरणावर आम्ही जीपनं गेलो. गॅलरीत उतरताना तिथल्या उपअभियंत्यांनी मला एका माणसाच्या हवाली केलं. सगळे त्यांना मामा म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, खाकी कपडे, डोक्याला मफलर, पाय अनवाणी. गॅलरीत वर्षाचे बारा महिने पावलं बुडतील एवढं पाणी असतं, तिथे चपलेचा उपयोग नाही असं त्यांचं मत होतं. माझे नवे बूट तासाभरात त्यांच्या मताला आले.

मामांचं काम म्हणजे रोज प्रत्येक भोकाचं पाणी मोजायचं. एक लिटरचं पत्र्याचं माप भोकाच्या तोटीखाली धरायचं, ते भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहायचं. घड्याळ मनगटावर होतं, पण ते बघत नसत. तोंडातल्या तोंडात मोजत. मी एकदा माझ्या स्टॉपवॉचशी ताडून बघितलं. एका सेकंदाचाही फरक नव्हता. पुढच्या भोकाला मला वाटलं आता पकडतो, तर माझंच बटण उशिरा दाबलं गेलं.

"पानी कमी झालंय, सायेब," अकरा नंबरच्या भोकाशी मामा म्हणाले. "हे आधी दहा मोजायच्या आत माप भरायचं. आता पन्नास मोजतो."

"चांगलंच आहे की मामा. धरण गळायचं थांबलं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरंच साहेब आहे की कोणी साहेबाचा पाहुणा, याचा अंदाज घेत असावेत.

"चांगलं कसं? म्हाताऱ्या मानसाची लघवी कमी झाली तर डाक्टर म्हनतो का, चला बरं झालं? तो म्हनतो तुंबलंय. नळी घालतो." मग जरा थांबून म्हणाले, "आधी दरसाल पावसाच्या आधी मशिन यायचं. आत गज घालून भोकं मोकळी करायची. तीन सालं झाली, मशिन न्हाई आलं."

मी इतका हसलो की गॅलरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत आवाज घुमला. बरोबरच्या ज्युनिअरला मागून बोलावलं आणि मामांना म्हटलं, "मामा, ते परत एकदा सांगा." मामांनी परत सांगितलं, पण या वेळी खालच्या आवाजात.

माझी एक खिशातली डायरी असे. पुढच्या बाजूनं आकडे, मागच्या बाजूनं किस्से. ते वाक्य मी तिथल्या तिथे, ओल्या हातानं लिहून घेतलं. मागच्या बाजूनं.

वर आल्यावर मामांनी धरणाखालच्या कर्मचारी वसाहतीतल्या आपल्या खोलीवर चहाला नेलं. त्यांची बायको तिथल्याच अंगणवाडीत मदतनीस होती. आम्ही पोचलो तेव्हा दोन लहान मुली तिच्या पदराला धरून आल्या होत्या आणि जायला तयार नव्हत्या. "ह्या घरी जात न्हाईत," ती म्हणाली. "दुपारची खिचडी खात्यात नि हितंच झोपत्यात." मामांना निवृत्त व्हायला दीड वर्ष उरलं होतं. याच जागी निवृत्त व्हायचं, मग शेजारच्या गावात भाच्याच्या घराला लागून दोन खोल्या घालायच्या, बायकोची अंगणवाडी चालू राहील, असा त्यांचा बेत. "आता कुटं हलवू नका म्हंजी झालं," मामा म्हणाले. ते तसं सगळ्यांनाच म्हणत असावेत, पण त्या दिवशी म्हणाले मला.

पुण्याला येऊन मी आकडे कॉम्प्युटरात भरले. पाझराचा आलेख सुरेख उतरत होता. तलावाच्या तळाशी गाळ बसून खडकाच्या भेगा आपोआप बुजतात आणि पाझर कमी होतो, असंही घडतं. ते पुस्तकात आहे. मी ते कारण उचललं, कारण आलेखाला ते शोभत होतं. अडचण एकच होती. गॅलरीत खालच्या पाण्याचा दाब दाखवणारी मापकं बसवलेली होती, आणि ती दाब वाढल्याचं दाखवत होती. मी लिहिलं, 'मापके जुनी असून विश्वासार्ह नाहीत.' तपासली का? नाही. जुनी होती हे दिसतच होतं, त्यांच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या.

त्याच आठवड्यात धरण सांभाळणाऱ्या पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांचा फोन आला. वरून पदं कमी करायचे आदेश होते, तो काळच तसा होता. "तुमच्या अहवालात बसत असेल तर बघा, गॅलरीतलं रोजचं मोजमाप खरंच लागतं का," ते म्हणाले. बसत होतं. पाझर कमीच होतोय तर रोज कशाला मोजायचा. मी लिहिलं की महिन्यातून एकदा पुरे, आणि त्यासाठी स्वतंत्र माणसाची आवश्यकता नाही. 'माणूस' असं लिहिलं. माणूस म्हणजे कोण ते मला माहीत होतं. त्यांच्याकडचा चहा प्यायलो होतो.

अहवालाचं कौतुक झालं. चित्रात लाल जवळपास नव्हतंच, मोजपट्टी न बदलतासुद्धा. आणि मामांची बदली पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या गोदामावर झाली. तिथे विभागाचे जुने दरवाजे, पाइप, गंजलेल्या साखळ्या पडलेल्या असत. त्यांची राखण करायची. बायको अंगणवाडी सोडून येईना. मामा मांजरीत उसाच्या शेताकडेला एक खोली घेऊन एकटे राहू लागले. हे मला त्या उपअभियंत्यांनी बोलता बोलता सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो. ते मनापासून होतं. पण अरेरे म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ ते टिकलं.

कारण त्या दिवसांत मी दुसऱ्या एका कामात होतो. मामांचा किस्सा सांगण्याच्या. लग्नात, मुंजीत, सोसायटीच्या कोजागिरीला, भागीदाराच्या गिऱ्हाइकांसमोर. मी मफलर गुंडाळल्याचा अभिनय करी, मामांचा आवाज काढी, 'नळी घालतो'च्या आधी नेमका किती वेळ थांबायचं ते मला जमलं होतं. लोक डोळे पुसून हसत. एका डॉक्टर पाहुण्यानं तर मला दुसऱ्यांदा सांगायला लावलं. तो हसला, पण शेवटी म्हणाला, "बरोबरच बोलला की तो." मी म्हटलं, "हो ना," आणि पुढचा किस्सा सुरू केला.

नारायण पेठेत आमचे जुने साहेब राहत. संकल्पन कार्यालयाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले. शनिवारी सकाळी आम्ही जुने चारपाच जण त्यांच्याकडे जमत असू. साहेब फारसं बोलत नसत. नोकरीत असताना हाताखालच्या माणसाच्या गणितात चूक सापडली तर रागावत नसत, फक्त विचारत, "आपल्याला हे पटलं आहे का?" आणि समोरच्याला घाम फुटे. एका शनिवारी मला वाटलं, साहेबांना हसवावं. मी किस्सा सांगितला. मफलरसकट. सगळे हसले. साहेबांनी कप खाली ठेवला.

"मग?" ते म्हणाले.

"मग काय साहेब?"

"तुंबलं होतं का?"

"नाही साहेब. तळाला गाळ बसून भेगा बुजल्या असणार. म्हणून पाणी कमी."

"असणार. बरं. दाबमापकं काय म्हणत होती?"

"दाब वाढलेला दाखवत होती. पण ती जुनी आहेत साहेब, बिघडलेली."

"किती?"

"सगळीच."

"सगळी बिघडली, आणि सगळी एकाच बाजूला बिघडली." साहेब बाकीच्यांकडे वळले. "शिस्तीची दिसतात."

कोणी हसलं नाही. साहेबच पुढे म्हणाले, "भेगा बुजल्या असत्या तर दाब उतरला असता. पाणी कमी आणि दाब जास्त, याचा अर्थ काय, हे आपण आमच्याकडे सोळा वर्षं होतात म्हणून विचारतो." मग फार मृदूपणे, "गोष्ट आपण उत्तम सांगता. त्यातला डॉक्टर कोण होता तेवढं मात्र कळलं नाही."

स्कूटरवरून घरी येताना पुलावर मला सिग्नलही दिसला नाही, मागच्यांनी हॉर्न वाजवून सांगितला. सोसायटीत शिरलो आणि जिन्याच्या तोंडाशी फळ्यावर एक सूचना दिसली. सचिव या नात्यानं पावसाळ्यात मीच लावलेली: 'गच्चीच्या पाइपातून पाणी पडत नाही याचा अर्थ गच्चीवर पाणी साचलेले नाही असा सोयीस्कर समज करून घेऊ नये. जाळी साफ करावी.' खाली सही. माझीच. मी ती सूचना तीन वेळा वाचली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ उतरता उतरता म्हणाले, "तुम्हीच लिहिलीय ना? मग पाठ नाही होय?"

सोमवारी कॉम्प्युटरला सांगितलं, समज की भोकं बुजली आहेत. चित्र लाल झालं. धरण उद्या कोसळणार होतं असं मुळीच नाही. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण तलाव काठोकाठ भरलेला असताना भूकंपाचा धक्का बसला तर जेवढी खात्री हवी, तेवढी राहत नव्हती. खाली तीन गावं आणि एक वसाहत. वसाहतीत एक अंगणवाडी.

भागीदाराला दाखवलं. तो म्हणाला, "कळवावं लागेल."

"चूक झाली म्हणून कळवू?"

"चूक कशाला म्हणतोस? 'अधिक विश्लेषणांती' म्हण."

मला तो शब्द इतका आवडला की मी त्याला चहा पाजला. तीन पानांचं पुरवणी टिपण गेलं. अधिक विश्लेषणांती असे आढळून आले की निचऱ्याची छिद्रे अंशतः बुजलेली असण्याची शक्यता विचारात घेणे इष्ट ठरेल. कुणाला आढळलं, आधी का आढळलं नाही, कुणी सांगितलं होतं, यातलं काही त्यात नव्हतं. टिपण वाचून कुणालाही वाटावं की भोकं आमच्या विश्लेषणाची वाट बघत बुजली होती.

विभागानं मात्र लगेच हालचाल केली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मशिन आलं. भोकं पुन्हा मोकळी करताना मी गॅलरीत उभा होतो. अकरा नंबरच्या भोकातून आधी दुधासारखं पांढरं पाणी आलं, मग चुन्याची ढेकळं, आणि मग अंगठ्याएवढी स्वच्छ धार, जोरात. चौथ्या दिवशी पिवळ्या काचांच्या त्या सगळ्या जुन्या मापकांचे काटे खाली उतरले होते. एकही मापक बिघडलेलं नव्हतं. बिघडलेलं यंत्र त्या गॅलरीत एकच होतं आणि त्याच्या पायात या वेळी गमबूट होते.

त्यानंतर पुण्यात बैठक झाली. अधीक्षक अभियंत्यांनी कौतुकानं विचारलं, "हे तुमच्या लक्षात आलं कसं?"

पंधराएक माणसं माझ्याकडे बघत होती. किस्सा सांगायला याहून चांगली जागा नव्हती. तो मी लग्नात, मुंजीत सांगितला होता. इथे, जिथे त्याचा उपयोग होता, तिथे मी म्हणालो, "अनुभव."

बैठक संपल्यावर कार्यकारी अभियंते जिन्यात माझ्याबरोबर उतरले. म्हणाले, "आता भोकांवर रोज लक्ष ठेवायला माणूस हवा. तो पूर्वीचा माणूस परत आणता येईल. पण तुमच्या मूळ अहवालात आवश्यकता नाही असं लिहिलंय. त्या परिच्छेदात चूक होती एवढी एक ओळ द्या, मी पुढचं बघतो."

"देतो की," मी म्हणालो.

एक ओळ. मी ती लिहायला बसलो. 'रोजच्या मोजमापाबाबतचा आमचा पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता.' वाचली, खोडली. 'पुनर्विचार करण्यास वाव आहे' असं लिहिलं. ते वाचून मलाच कळेना की काय म्हणायचंय. भागीदार म्हणाला, "आणखी काही धरणांचं काम आपल्याकडे येण्याच्या बेतात आहे. हे महिनाभर थांबलं तर बिघडतं का?" मी म्हटलं, काय बिघडतं. महिनाभरानं कार्यकारी अभियंत्यांचा फोन आला, मी म्हटलं, टायपिंगला आहे. पुढे त्यांची बदली झाली. नवे आले त्यांना हे काही ठाऊक नव्हतं. मोजमाप एका कंत्राटदाराकडे गेलं. त्याचा माणूस आठवड्यातून दोनदा येई.

याच दरम्यान एका शनिवारी साहेबांनी विचारलं, "भोकं मोकळी झाली?"

"झाली साहेब. दाब उतरला."

"उत्तम. आणि ज्यांनी निदान केलं त्यांना कळवलंत का?"

"कळवतो."

"हो. सवडीनं."

त्यानंतर मी शनिवारी नारायण पेठेत जाणं टाळू लागलो. कधी दुचाकीचं काम निघे, कधी पाहुणे. या सगळ्या सबबी मीच मला देत होतो, साहेबांनी कधी विचारलं नाही. पण वर्ष सरत आलं तसं एक हिशेब मनात येऊ लागला. दीड वर्षातलं किती उरलं असेल. एका रविवारी उठलो आणि मांजरीला गेलो.

गोदाम सापडलं, मामा तिथे नव्हते. तिथला दुसरा राखणदार म्हणाला, त्यांना बरं नाही, खोलीवर आहेत. उसातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला नव्या इमारतींचे खांब उभे राहत होते, त्यांच्या मागे पत्र्याच्या चार खोल्या. शेवटच्या खोलीत मामा खाटेवर बसले होते. जास्तच वाळलेले. खोलीत त्यांची बायको होती. अंगणवाडी सोडून चार महिन्यांपूर्वी आली होती. मामा एकटे असताना एकदा दोन दिवस तापात पडून राहिले, कुणाला कळलंच नाही, तेव्हापासून.

मामांना मला बघून आनंद झाला. हे सांगताना मला अजून बरं वाटत नाही. त्यांनी पहिलंच विचारलं, "सायेब, भोकं मोकळी केली म्हनं?"

"केली मामा."

"अकरा नंबर?"

"अंगठ्याएवढी धार आली."

"सतरा?"

"तिथे गज अडकला होता. मग सुटला."

"सतरा वाकडं हाय. तिथं गज जरा डाव्या अंगानं घालावा लागतो. सांगायला पायजे हुतं कुनीतरी." त्यांनी एकेका भोकाची चौकशी केली, सासरी दिलेल्या मुलींची करावी तशी. तेविसाव्याला मला उत्तर आठवेना. मी खोटंच सांगितलं की छान आहे.

मग मी म्हटलं, मामा, तुम्हाला परत धरणावर घ्यावं असं मी लिहून देतो. ते हसले. "आता कशाला सायेब? चार म्हैने ऱ्हायले. हिचं काम बी गेलं. तिथं आता दुसरी बाई लावली. ऱ्हाऊ द्या."

बायको चहा ठेवत होती, आमच्याकडे पाठ करून. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. अशा वेळी गप्प बसावं हे मला आयुष्यात जमलेलं नाही. मी कॉम्प्युटरबद्दल बोलू लागलो. त्यात जेवढं भरतो तेवढंच त्याला कळतं, आलेख कसा फसवा असतो, पुस्तकात गाळाचं कसं दिलं आहे. मामा मान डोलवत होते. मग त्यांना बरं वाटावं म्हणून, आणि हे खरोखर त्याच हेतूनं होतं, मी म्हणालो, "पण मामा, तुमचं ते म्हाताऱ्याच्या लघवीचं वाक्य. ते मी कधी विसरलो नाही. किती जणांना सांगितलं असेल. कोथरूडला, पेठेत, लग्नकार्यात. जो ऐकेल तो म्हणे, वा, काय बोलला माणूस."

मामा लाजून हसले आणि मफलर सारखा करू लागले. बायकोनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"समद्या पुन्याला सांगत सुटला तुमी," ती म्हणाली. "जिथं लिवायचं हुतं, तिथं तेवढं न्हाई लिवलं."